विद्यार्थी परिषद गॅदरिंगपुरती ठेवू नका: कोकणातल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

हे पत्र रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि ती चालवणाऱ्या शिक्षणसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांना आहे. मागणी एकच आहे. वर्ग सुरू झाले की विद्यार्थी परिषद उभी करा, तिला महिन्याला एक सभा द्या आणि जिथे निर्णय होतात त्या बैठकीत तिला बसवा. आज अनेक ठिकाणी परिषद नोव्हेंबरात, गॅदरिंगच्या तोंडावर जन्माला येते. मांडव, साउंड, 'डेज' आणि बक्षीस समारंभ उरकला की फेब्रुवारीत तिचं काम संपतं. ज्या महिन्यांत मुलांच्या खऱ्या अडचणी असतात, म्हणजे जून ते ऑक्टोबरातला एसटी पास-प्रवेश-शिष्यवृत्तीचा काळ आणि निकालानंतरचे आठवडे, त्या महिन्यांत परिषद अस्तित्वातच नसते.

मुंबई विद्यापीठाच्या अखत्यारीत सात जिल्हे आहेत. मुंबईत विद्यापीठाच्या कलिना संकुलाजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या निकालात घोळ झाला, तर तो त्याच दुपारी परीक्षा विभागात जाऊन चौकशी करतो. सावंतवाडीच्या मुलीला त्यासाठी रात्रीची गाडी पकडावी लागते, दोन दिवस मोडावे लागतात, मुंबईत कुणा नातेवाइकाकडे उतरावं लागतं. रत्नागिरीला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, पण दोडामार्गच्या किंवा मंडणगडच्या मुलासाठी तिथे जाऊन येणं म्हणजेही अख्खा दिवस. एकट्या विद्यार्थ्याने विद्यापीठाशी झगडावं ही अपेक्षाच कोकणात अन्यायाची आहे. कुणीतरी त्याच्या वतीने लिहिणारं, पाठपुरावा करणारं आणि उत्तर घेऊन परत येणारं हवं. कायद्याने ते काम ज्यांच्याकडे जायला हवं, त्यांच्या हातात आपण फुगे आणि रिबिनी देतो.

कायदा काय म्हणतो ते आधी मांडतो, कारण बऱ्याच चर्चा इथेच भरकटतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९९ मध्ये महाविद्यालयीन आणि विद्यापीठ विद्यार्थी परिषदेची रचना आहे. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी हे विद्यार्थ्यांच्या थेट मतदानाने. प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी त्या वर्गाच्या मतदानाने. त्याशिवाय एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागांतून नेमलेले विद्यार्थी. म्हणजे प्रत्येक मतदाराला पाच मतं. याच अधिनियमाच्या कलम ९७ मध्ये महाविद्यालय विकास समिती आहे, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव हे त्या समितीचे सदस्य आहेत. ते पाहुणे म्हणून येत नाहीत. समितीची वर्षाला किमान चार वेळा सभा व्हायला हवी.

या कायद्याने थेट निवडणूक परत आणली. त्याआधी, १९९४ च्या कायद्याखाली, आदल्या वर्षीच्या गुणांवर वर्गप्रतिनिधी नेमला जाई. कॅम्पसवरच्या मारामाऱ्यांना आळा घालण्यासाठी ते झालं होतं आणि त्यामागचं भय खोटं नव्हतं. पण गुणांवर नेमलेल्या मुलाला वर्गाने निवडलेलं नसतं, त्यामुळे वर्गाला उत्तर द्यावं असं त्याला वाटत नाही, आणि प्राचार्यांनी नेमल्यामुळे प्राचार्यांना प्रश्न विचारणं त्याला अवघड जातं. तो चांगला विद्यार्थी असतो. प्रतिनिधी मात्र तो होत नाही.

२०१६ च्या कायद्यानंतर परिनियम, म्हणजे त्याचे तपशीलवार नियम, आले, पण २०१९ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या, मग कोरोना आला, आणि थेट मतदानाची गाडी तिथेच अडली. अधूनमधून 'सिनेटची (विद्यापीठाच्या अधिसभेची) निवडणूक झाली की' असं विद्यार्थीच आम्हाला सांगतात. सप्टेंबर २०२४ मध्ये झालेली ती निवडणूक नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांची होती. सध्या शिकत असलेल्या मुलांना त्यात मत नव्हतं. हा फरक एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा.

'शासनाने निवडणूक लावली की आम्ही परिषद करू,' हे उत्तर आम्हाला मान्य नाही. अध्यक्ष-सचिवांची थेट निवडणूक शासनाच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे, हे खरं. पण वर्गाने आपला प्रतिनिधी मतदानाने सुचवावा आणि प्राचार्यांनी तोच नेमावा, याला कोणतंही वेळापत्रक आडवं येत नाही. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने, जिच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी लागू केल्या, नेमणुकीची पद्धत तात्पुरती सोय म्हणूनच मान्य केली होती आणि पाच वर्षांत निवडणुकीकडे वळायला सांगितलं होतं. ती पाच वर्षं कधीच उलटून गेली.

आता वर्गातलं मतदान कसं घ्यावं ते. नव्वद मुलांच्या वर्गाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरतात, म्हणजे वेळापत्रकातला एक तास. तो तास पहिला नको. पावसात पहिली एसटी उशिरा येते आणि लांबच्या गावची मुलं मताला मुकतात. तिसरा तास ठीक. मतदारयादी म्हणजे कार्यालयातून आलेलं त्या दिवशीचं हजेरीपत्रक. तोंडी नावं घेऊन यादी करू नका, कारण उशिरा प्रवेश झालेली मुलं त्यात हमखास राहतात. एकसारख्या आकाराच्या चिठ्ठ्या, मागे विभागाचा शिक्का. विद्यार्थी सही करतो, चिठ्ठी घेतो, खिडकीपाशी ठेवलेल्या टेबलावर आडोशाला नाव लिहितो, पेटीत टाकतो. पेटी म्हणजे फटीचा खोका चालतो, फक्त तो मतदानाआधी सगळ्यांना रिकामा दाखवा. मोजणी तिथेच, फळ्यावर रेघा मारून. आधी चिठ्ठ्या आणि सह्या यांची संख्या जुळवा, मगच नावं वाचा. हा क्रम उलटला की एका जादा चिठ्ठीवरून दिवसभर वाद चालतो. मोजलेल्या चिठ्ठ्या पाकिटात सील करून तीन आठवडे कार्यालयाच्या कपाटात ठेवा. लिंगडोहच्या चौकटीत निकालानंतरच्या तक्रारीची मुदत तेवढीच आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पर्यायी प्रतिनिधी म्हणून नोंदवा. आजारपण, घरचं लग्न, आंब्याच्या बागेतलं काम, काहीही निघतं, आणि प्रतिनिधी नाही म्हणून वर्गाचा विषय महिनाभर लटकतो.

हात वर करून मतदान घेऊ नका. वाडी, गाव, भावकी सगळं त्या हातांत दिसतं आणि मुली तर बहुतेकदा हात वर करतच नाहीत. मोबाइलच्या फॉर्मवरही नको. ज्या गावांत रेंजसाठी सड्यावर जावं लागतं तिथली मुलं बाहेर राहतात, एकाच फोनवरून पाच जण मत देतात, आणि ईमेल नोंदला गेला तर गुप्तता संपते. सर्वांत मोठी चूक म्हणजे 'भांडण नको, बिनविरोध करा' असं शिक्षकांनी सुचवणं. एकच नाव आलं तरी त्या नावावर होय-नाही असं मतदान घ्या. नव्वदपैकी पन्नास जणांनी 'नाही' लिहिलं, तर अर्ज पुन्हा मागवावे लागतील, आणि ते योग्यच आहे.

कनिष्ठ महाविद्यालयाची, म्हणजे अकरावी-बारावीची मुलं या परिषदेत घेऊ नका. एकाच इमारतीत, एकाच युनिफॉर्ममध्ये असली तरी ती विद्यापीठाची विद्यार्थी नाहीत. त्यांची वेगळी समिती करा. दोन्ही एकत्र केल्या की फीचे हिशेब मिसळतात आणि पुढे विकास समितीत कोण बसणार यावर हरकत निघते. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ त्यांच्या स्वतंत्र कायद्यांखाली आहेत, तेव्हा वर सांगितलेली कलमं तिथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. पुढे लिहिलेल्या कामाच्या पद्धतीला मात्र तिथेही अडचण नाही.

तारीख ठरवताना कोकणचं पंचांग बघा. लिंगडोह समिती म्हणते की सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक व्हावी आणि अर्जापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत आटोपावं. जूनच्या मध्यावर वर्ग सुरू झाले की हे आठवडे ऑगस्टात जातात, आणि एफवायचे प्रवेश लांबले की थेट गणपतीवर. चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या दहा दिवसांत कोकणातल्या वर्गात कोण असतं हे आपल्याला सांगायला नको. म्हणून एसवाय-टीवायच्या वर्गांचं मतदान जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि एफवायचं ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या. दोन टप्पे केले तर काही बिघडत नाही. एफवाय नसलेली परिषद चालवणं हे मात्र बिघडलेलंच. सर्वांत जास्त अडचणी त्यांच्याच असतात. हवामान खात्याचा रेड अलर्ट लागून सुट्टी जाहीर झाली, तर मतदान आपोआप पुढच्या कामाच्या दिवशी, त्याच तासाला, हे नोटिशीतच लिहून ठेवा. नाहीतर नवी तारीख ठरवण्यात आठवडा जातो.

मग सभा. सभा चारनंतर ठेवली की ती शहरातल्या मुलांची सभा होते. शेवटच्या किंवा शेवटून दुसऱ्या एसटीने जाणारी मुलं साडेतीनपासून घड्याळाकडे बघत असतात. वर्षभराच्या वेळापत्रकातच महिन्याच्या पहिल्या बुधवारचा, समजा, चौथा तास परिषदेसाठी लिहून टाका आणि त्या तासाची हजेरी प्रतिनिधींना द्या. हजेरी बुडते म्हणून सभेला न येणारे प्रतिनिधी पुष्कळ असतात; पंचाहत्तर टक्क्यांच्या नियमाची भीती त्यांना खरोखर असते.

विषयपत्रिका सात दिवस आधी नोटीस बोर्डावर लागली पाहिजे, म्हणजे प्रतिनिधी वर्गात विचारून येतो. पहिला विषय नेहमी एकच: मागच्या सभेत ठरलेल्या कामांचं काय झालं. इतिवृत्त लांबलचक नको. चार रकाने पुरेत: विषय, ठरलं काय, करणार कोण, कोणत्या तारखेपर्यंत. तिसऱ्या दिवशी ते बोर्डावर आणि वर्गांच्या ग्रुपवर. 'चर्चा झाली', 'प्रयत्न केले जातील', 'प्राचार्यांनी आश्वासन दिले' अशी वाक्यं ज्या इतिवृत्तात आहेत ते परत लिहायला लावा. 'मुलींच्या कॉमन रूमचा नळ: कार्यालय अधीक्षक, १२ ऑगस्ट' असं लिहिलं की बारा तारखेला कुणीतरी नळाकडे बघायला जातं. नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट नाही म्हणा आणि कारण लिहा. मुलांना नकार पचतो, पण सहा महिने लोंबकळलेलं 'बघू' त्यांना परिषदेपासून कायमचं दूर नेतं.

परिषदेने काय काम करावं, याची दोन उदाहरणं जरा सविस्तर देतो, कारण 'विद्यार्थ्यांचे प्रश्न सोडवणं' असं म्हटल्याने काहीच कळत नाही.

पहिलं, निकाल. निकाल लागला की वर्गातल्या आठ-दहा जणांचं काहीतरी अडकतं: कुणी हजर असून गैरहजर दाखवलेलं, कुणाचे अंतर्गत गुण चढलेले नाहीत, कुणाचा निकाल राखीव. प्रत्येक जण वेगळा अर्ज करतो, अर्ज कार्यालयात पडतो, क्लार्क 'विद्यापीठाकडून आलं की कळवतो' म्हणतो. त्याऐवजी वर्गप्रतिनिधीने निकालानंतर तीन दिवसांत एकच तक्ता करावा. त्यात नाव, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), आसन क्रमांक, सत्र, विषयाचा कोड, नेमकी चूक आणि जोडलेला पुरावा, म्हणजे परीक्षेच्या हजेरीपत्रकाची किंवा गुणपत्रकाची प्रत. तक्ता तयार झाला की त्याचे दोन भाग करायचे. अंतर्गत गुण कॉलेजनेच भरले नसतील, तर ती चूक आपली आहे, विद्यापीठाकडे बोट दाखवून उपयोग नाही, ती विभागप्रमुखांकडे. उरलेली विद्यापीठाकडे, प्राचार्यांच्या सहीच्या एका पत्राने, आवक क्रमांकाची पोच घेऊन. हा क्रमांक बोर्डावर लावायचा. तीन दिवस म्हणतो ते उगाच नव्हे: उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांच्या मुदती निकालाच्या तारखेपासून चालू होतात, आणि चूक गुणांची आहे की नोंदीची हे कळेपर्यंत मुदत संपलेली असते. मग मूल पुढच्या सत्रात एटीकेटीची फी भरून तोच पेपर पुन्हा देतं.

दुसरं, एसटी. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग त्यांनी भरायचा. २०२४ पासून पास शाळा-कॉलेजातच देण्याची मोहीम महामंडळाने सुरू केली. त्यासाठी संस्थेने विद्यार्थ्यांची यादी आगाराला द्यायची असते. ही यादी करायला कार्यालयाला वेळ नसतो, म्हणून ती उशिरा जाते आणि जुलै संपेपर्यंत मुलं पूर्ण तिकीट काढतात किंवा पास केंद्राच्या रांगेत तास घालवतात. वर्गप्रतिनिधींनी पहिल्याच आठवड्यात नाव, चढण्याचा थांबा, उतरण्याचा थांबा आणि बोनाफाइडसाठी लागणारी माहिती वर्गात फिरवून घेतली, तर दोन दिवसांत यादी तयार होते. चुका होतात त्या थांब्याच्या नावात. मुलं वाडीचं नाव लिहितात, एसटीच्या भाडेतक्त्यात ते नसतं, आणि पास परत येतो. कंडक्टर तिकिटावर कोणता थांबा देतो तेच नाव लिहायला सांगा.

गाडीची वेळ बदलून हवी असेल तर आगारप्रमुखांना 'विद्यार्थ्यांची गैरसोय होते' असं पत्र पाठवू नका. कोणत्या मार्गावरची कोणती फेरी, तिला कोणत्या थांब्यांवरून किती पासधारक आहेत, कॉलेज किती वाजता सुटतं आणि गाडी किती मिनिटं आधी निघते, एवढं लिहा. आकडे असलेल्या पत्राचा विचार होतो, कारण फेरी हलवायची तर त्यांनाही वरच्या कार्यालयाला आकडेच द्यावे लागतात. घाट बंद होतो, रस्ता खचतो, फेऱ्या वळवल्या जातात, तेव्हा हीच यादी हाताशी असली तर कोणत्या मुलांचं प्रात्यक्षिक किंवा चाचणी बुडाली हे लगेच कळतं आणि त्यांची पुन्हा घेता येते.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचंही असंच. अर्ज अडकण्याची कारणं नेहमीची: बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिलं, कागद अपुरा म्हणून अर्ज परत आला आणि विद्यार्थ्याने लॉगिन करून पाहिलंच नाही. कार्यालयाने दर पंधरवड्याला परत आलेल्या अर्जांची यादी परिषदेला दिली की निम्मं काम होतं. यादीत अर्ज क्रमांकच द्या, जात आणि उत्पन्न ग्रुपवर फिरता कामा नये.

पैशांचं बोलणं टाळता येणार नाही. फीच्या पावतीवर जिमखाना आणि विद्यार्थी उपक्रमांचे रकाने असतात. समजा बाराशे विद्यार्थी आहेत आणि माणशी ४०० रुपये जमतात, तर ती रक्कम ४ लाख ८० हजार होते. हा पैसा मुलांचा आहे आणि त्यांना त्याचा हिशेब दिसला पाहिजे. वर्षाच्या सुरुवातीला परिषदेसमोर अंदाजपत्रक ठेवा: क्रीडा किती, युवा महोत्सवाचा प्रवास आणि वेशभूषा किती, गॅदरिंग किती, नियतकालिक किती. विद्यापीठाच्या युवा महोत्सवाला किंवा क्रीडा स्पर्धेला मुंबईकडे जायचं तर कोकणातल्या कॉलेजचा मोठा खर्च प्रवासाचा असतो, आणि तो आधी बाजूला काढला नाही तर गॅदरिंगचा साउंड तो गिळतो. मग जानेवारीत कबड्डीच्या मुलींना स्वखर्चाने जायला सांगितलं जातं.

विद्यार्थ्यांच्या हातात रोख आगाऊ रक्कम कधीही देऊ नका. गडबड बहुधा बेइमानीमुळे होत नाही. कच्च्या बिलांमुळे होते. मांडववाला वहीच्या कागदावर आकडा लिहून देतो, हारवाला तेही देत नाही, मार्च उजाडतो, लेखापरीक्षक बिल मागतो आणि टीवायच्या मुलावर संशय येतो. दरपत्रकं तीन मागवा, ती परिषदेच्या सभेत उघडा, पैसे संस्थेच्या खात्यातून थेट द्या. माल आला, काम झालं, याची सही मात्र सचिव आणि महिला प्रतिनिधी यांची घ्या. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च बोर्डावर लावा. एकदा लावून बघा, पुढच्या वर्षी वर्गणीवरून होणारी कुजबुज थांबते.

आता संस्थाचालकांना थोडं वेगळं सांगायचं आहे. कोकणातल्या कितीतरी संस्था मुंबईतल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून उभ्या केल्या, आणि अनेकांचं मुख्य कार्यालय अजून मुंबईत आहे. त्या ऋणाची जाण ठेवूनच हे लिहितो. महाविद्यालय विकास समितीची सभा दादरला किंवा परळला रविवारी ठेवली, तर समितीवरचे दोन विद्यार्थी सदस्य तिथे येऊ शकत नाहीत. वर्षातल्या चार सभांपैकी निदान तीन कॉलेजच्या इमारतीत घ्या. मुंबईची मंडळी ऑनलाइन जोडली जाऊ शकतात. सभेची नोटीस विद्यार्थी सदस्यांना शिपायाने सकाळी आणून द्यायची नाही, इतर सदस्यांबरोबर आणि त्याच कागदपत्रांसह द्यायची. अंदाजपत्रक आणि विकास आराखडा हे याच समितीचं काम आहे, तेव्हा ते कागद विद्यार्थी सदस्यांपासून लपवण्यासारखे नाहीत. थेट निवडणूक होऊन अध्यक्ष-सचिव येईपर्यंत वर्गप्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेल्या दोघांना निमंत्रित म्हणून बोलवा. मत नसेना, बोलू द्या, आणि ते बोलले ते इतिवृत्तात येऊ द्या. विद्यार्थ्यांचा विषय एका पानाचा असावा: अडचण, किती जणांना, अंदाजे खर्च, कधीपर्यंत. 'वसतिगृह हवं' यावर समिती मान डोलावते आणि पुढच्या विषयाकडे वळते. 'तालुक्याबाहेरच्या अमुक इतक्या मुली भाड्याच्या खोल्यांत राहतात, जुन्या प्रयोगशाळेच्या इमारतीत एवढ्या खाटा बसतील' यावर तिला उत्तर द्यावं लागतं.

परिषदेने काय करू नये, हेही तितकंच स्पष्ट हवं. छेडछाड, लैंगिक छळ, रॅगिंग यांच्या तक्रारी परिषदेने ऐकून 'मिटवायच्या' नाहीत. अजूनही विशाखा समिती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीकडे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत जावी लागते. जी.एस. (परिषदेचा सचिव) आणि आरोप असलेल्या मुलाचे मित्र मध्यस्थी करत बसले की ते तीन महिने निघून जातात आणि गावभर नाव होतं ते मुलीचं. प्रतिनिधीचं काम एवढंच: समितीच्या अध्यक्षांचं नाव सांगायचं, मुलीची इच्छा असेल तर तिच्यासोबत जायचं, आणि गप्प राहायचं. याच समितीबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत एक तरतूद आहे जी फार कमी जणांना माहीत असते. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीवर तीन विद्यार्थी सदस्य असावेत, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन स्तरावरचे, आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत. वर्गप्रतिनिधींचं मतदान होईल त्याच दिवशी आपल्याकडे जे स्तर आहेत त्यांचं हे मतदानही घेता येईल.

वैयक्तिक तक्रारींसाठी आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तो मान्य नसेल तर विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या लोकपालाकडे १५ दिवसांत अपील करता येतं. या समितीत एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. त्याचं नाव आणि लोकपालांकडे जाण्याची पद्धत बोर्डावर कायम लावलेली असावी, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायच्या आठवड्यातच नव्हे. नॅकच्या पाचव्या निकषासाठी परिषदेचे फोटो जमवण्याची धावपळ आम्ही जाणतो. महिन्याच्या महिन्याला लिहिलेली इतिवृत्तं असतील तर ती धावपळ लागत नाही.

राजकारणाची भीती बहुतेक प्राचार्य बोलून दाखवतात. परिषदेने राजकीय काम करायचं नाही हे कायद्यातच आहे. लिंगडोहच्या अटीही कडक आहेत: उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपर्यंत, छापील पोस्टर नाहीत, हाताने केलेली आणि ठरवून दिलेल्या जागीच, आवाराबाहेर मिरवणूक नाही, ज्या वर्षी उभं राहायचं त्या वर्षी कोणताही विषय राहिलेला नसावा, पदाधिकारी म्हणून एकच संधी. वर्गप्रतिनिधीला तर खर्चाचं कारणच नसतं. आमचं निरीक्षण असं आहे की बाहेरचे पुढारी आत शिरतात ते परिषद रिकामी असते तिथे. पासासाठी, निकालासाठी मुलाला दुसरं दार नसलं की तो तालुक्याच्या एखाद्या कार्यकर्त्याकडे जातो, आणि काम झालं की त्याचा होतो.

शेवटचं काम वर्षअखेरीचं. परिषद दरवर्षी नव्याने सुरू होते आणि आदल्या वर्षीचं कुणाला काही ठाऊक नसतं, कारण जुने प्रतिनिधी टीवाय संपवून पुण्या-मुंबईला गेलेले असतात. परीक्षा सुरू होण्याआधी, शिमग्याच्या सुट्टीनंतर लगेच, सचिवाने एक फाइल विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे द्यावी. तिच्यात वर्षाची इतिवृत्तं, विद्यापीठाला आणि आगाराला गेलेली पत्रं पोच क्रमांकांसह, जमाखर्च, न सुटलेल्या विषयांची यादी, आणि ग्रुप व ईमेल खात्याचे पासवर्ड असावेत. ही फाइल कॉलेजची मालमत्ता म्हणून दप्तरी नोंदवा. एसवायच्या दोन प्रतिनिधींना जूनपर्यंत काळजीवाहू म्हणून नेमा, म्हणजे पासाची यादी आणि एफवायच्या प्रवेशाचा मदतकक्ष नव्या मतदानाची वाट बघत थांबणार नाही.

आपल्या महाविद्यालयाच्या विकास समितीच्या येत्या सभेत दोन विषय घ्यावेत, एवढी विनंती: वर्गप्रतिनिधींच्या मतदानाची तारीख, आणि परिषदेच्या मासिक सभेचा वेळापत्रकातला तास. दोन्ही ठराव कलम क्रमांकासह लिहून बोर्डावर लावावेत.

आपले,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत विद्यार्थी विकासाचं काम पाहणारे काही प्राध्यापक आणि माजी वर्गप्रतिनिधी